लहान बालसंस्थेचे दहा वर्षांचे हिशेब : कुठे पाहायचं, काय चुकतं

किर्दखतावणी :
तालुक्याच्या गावी ३०-४० मुलांचं वसतिगृह किंवा बालगृह चालवणाऱ्या संस्था महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. वर्षाचा खर्च ४०-५० लाखांच्या घरात, विश्वस्त पाच-सात, हिशेबाला एक अर्धवेळ माणूस. अशा संस्थेचा एका वर्षाचा ऑडिट रिपोर्ट पाहून फारसं काही कळत नाही. सात-दहा वर्षांचे रिपोर्ट शेजारी-शेजारी मांडले की मगच दुखणं दिसतं. ते वाचायचे कसे, यासाठी हा धागा.

धर्मादाय कार्यालयात दाखल होणारे दोन तक्ते पुरेत : शेड्यूल आठ (ताळेबंद) आणि शेड्यूल नऊ (उत्पन्न-खर्च). वर्षं आडवी, बाबी उभ्या, अशी एकच शीट करा. माझा अनुभवी अंदाज असा की लहान संस्था पैसे कमी पडल्यामुळे क्वचित बसतात. खात्यात पैसे असतात, पण ते वापरायची मुभा नसते. हे ताळेबंदाच्या डाव्या बाजूला उघड लिहिलेलं असतं, आणि सगळे पाहतात मात्र उजव्या बाजूची बँक शिल्लक.

समजा वर्षाचा खर्च ४२ लाख, मुलं ३५. म्हणजे मुलामागे महिना १०,००० रुपये. ३१ मार्चला बँक आणि ठेवी मिळून ३१ लाख. विश्वस्त म्हणतात, नऊ महिन्यांची सोय आहे. आता डावी बाजू बघा : कायम निधी (मुद्दल राखून ठेवायचा) १२ लाख, इमारतीसाठी राखलेले ९ लाख, कंपनीच्या सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायचा पैसा) प्रकल्पाचे न खर्चलेले साडेचार लाख, ग्रॅच्युइटीची तरतूद अडीच लाख. उरले ३ लाख. महिन्याचा खर्च साडेतीन लाख. म्हणजे मोकळा पैसा २६ दिवसांचा.

हा 'मोकळ्या दिवसांचा' आकडा दहाही वर्षांसाठी काढा. बाकीचं सगळं त्यानंतर.

मोगरा :
उत्तम सुरुवात. पण ३१ मार्चचा आकडा हा वर्षातला सगळ्यात गोंडस आकडा असतो, हे विसरू नका. ८०जी (देणगीवर मिळणारी आयकर वजावट) साठी देणारे लोक मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात देतात. जेवण देणारे पितृपक्षात, दिवाळीत आणि वाढदिवसाला येतात. आणि खर्चाचा डोंगर कधी? जूनमध्ये. शाळेची फी, वह्या, गणवेश, दप्तरं, रेनकोट, गळक्या छपराची डागडुजी, सगळं एकदम. जुलै-ऑगस्ट हे खरे ओढाताणीचे महिने. त्यामुळे मोकळे दिवस ३१ मार्चबरोबर ३१ ऑगस्टलाही मोजावेत. किर्दीतून महिनाअखेरच्या शिल्लका काढायला तासभर लागतो.

आणि एक. वस्तुरूपाने आलेलं धान्य बहुतेक ठिकाणी पुस्तकात येतच नाही. ३५ मुलांना माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरलं तर दिवसाला १४ किलो, महिन्याला ४२० किलो लागतं. एखाद्या वर्षी यातलं निम्मं दानात आलं तर किराण्याचा खर्च कमी दिसतो आणि पुढच्या वर्षी 'खर्च अचानक वाढला' म्हणून आरडाओरडा होतो. खर्च वाढलेला नसतो, दान आटलेलं असतं. साठा नोंदवही ठेवा : तारीख, देणारा, वस्तू, वजन, बाजारभाव. वस्तूच्या दानाला ८०जी ची सवलत नाही, त्यामुळे तशी पावती चुकूनही फाडू नका. साधी पोच द्या.

ताळेबंद_तात्या :
दहा वर्षं शेजारी ठेवताना कायदे कधी बदलले त्याच्या खुणा शीटवर करून ठेवा, नाहीतर संस्थेचा दोष नसलेले खड्डे संस्थेच्या नावावर जातील.

नोव्हेंबर २०१६ : नोटाबंदी. एप्रिल २०१७ : ८०जी साठी रोख देणगीची मर्यादा १०,००० वरून २,००० वर. जुलै २०१७ : जीएसटी, संस्थेच्या सेवाभावी कामाला सूट असली तरी खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही, तो खर्चातच जातो. मार्च २०२० : टाळेबंदी, आणि त्याच महिन्यात पीएम केअर्सला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरली जाईल असं कंपनी मंत्रालयाने स्पष्ट केलं. मार्चअखेरचा सीएसआर पैसा तिकडे वळला. सप्टेंबर २०२० : एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) दुरुस्ती. एप्रिल २०२१ : सगळ्यांची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी नव्याने नोंदणी, शिवाय सीएसआर-१ फॉर्म (सीएसआर पैसा घेण्यासाठी). आणि २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपसूक लागू झाली, तिच्यात ८०जी ची वजावट मिळत नाही. पगारदार देणगीदारांचा मार्चमधला ओघ मंदावलेला दिसला तर हेही एक कारण तपासा.

अजून एक खूण : १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा नवा कायदा. कलमांचे नि फॉर्मचे क्रमांक बदलले. या धाग्यावर आपण १९६१ च्या कायद्याचेच क्रमांक वापरू, कारण जुने हिशेब त्याखालचे आहेत.

सातबारा :
८५ टक्के नियमाबद्दल कोणी नीट लिहाल का? आमच्याकडे (तालुक्यातल्या बहुतेक संस्थांत) समज असा की शिल्लक राहिली की कर लागतो, म्हणून मार्चमध्ये वाट्टेल ती खरेदी करतात. गाद्या, कपाटं, प्रिंटर.

ताळेबंद_तात्या :
@सातबारा, ही खरेदी सरसकट अनावश्यक असते. नियम असा : वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवी. १५ टक्के कुठलीही अट न घालता कायमची बाजूला ठेवता येते. ८५ ला कमी पडलात तर दोन वाटा आहेत.

पहिली, फॉर्म ९ए. पैसा वर्षाअखेरीस आला किंवा यायचाच राहिला, म्हणून खर्च करता आला नाही. पुढच्या वर्षी करतो, असा पर्याय. २८ मार्चला आलेल्या देणगीला हीच वाट योग्य. दुसरी, फॉर्म १०. ठरावीक कामासाठी जास्तीत जास्त पाच वर्षं रक्कम राखून ठेवणं. त्यात 'संस्थेच्या उद्दिष्टांसाठी' असं मोघम लिहिलं की वाद ओढवून घेतलात. 'मुलींच्या स्वच्छतागृहाचं बांधकाम' असं लिहा, विश्वस्तांचा ठराव फॉर्म भरण्याच्या तारखेच्या आधीचा असू द्या, आणि ती रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवा. पाचव्या वर्षाअखेर न वापरलेला भाग त्या वर्षाचं उत्पन्न म्हणून करपात्र होतो. या राखीव रकमेतून दुसऱ्या संस्थेला देणगी देता येत नाही.

दोन्ही फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीच्या दोन महिने आधी, म्हणजे ३१ ऑक्टोबरची मुदत असेल तर ३१ ऑगस्टपर्यंत. ऑडिट रिपोर्ट ३० सप्टेंबरपर्यंत. इथेच माती होते : ऑडिटर सप्टेंबरमध्ये हिशेब हातात घेतो, तोवर ९ए आणि १० ची तारीख उलटलेली असते. हिशेब जूनअखेर ऑडिटरच्या टेबलावर गेले पाहिजेत.

ऑडिटचा फॉर्म कोणता, यातही गोंधळ असतो. उत्पन्न ५ कोटींच्या आत, परदेशी देणगी नाही, भारताबाहेर खर्च नाही, तर १०बीबी. यातली एकही अट मोडली तर १०बी. परदेशातून एक रुपया आला तरी लहान संस्था १०बी मध्ये जाते.

किर्दखतावणी :
तात्यांच्या मुद्द्याला जोड. 'खर्च केला' म्हणजे खर्च धरला जातोच असं नाही. तीन ठिकाणी तो गळतो.

एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिले, तर तो खर्च ८५ टक्क्यांत धरत नाहीत. भाजीवाला, सुतार, बस भाड्याने देणारा, हे नेहमीचे बळी. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापायचा असताना कापला नाही, तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग बाद. आणि नुसती तरतूद करून भागत नाही, पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी खर्च धरला जातो. मार्चचा पगार एप्रिलमध्ये दिलात तर तो पुढच्या वर्षात मोजा. पुस्तकात तो देणे म्हणून याच वर्षी दिसेल, म्हणून ऑडिटमध्ये दिसणारा खर्च आणि आयकरासाठी धरायचा खर्च असे दोन रकाने ठेवावेच लागतात.

२०२१-२२ पासून आणखी एक मार बसला. आधीच्या वर्षांची तूट पुढच्या वर्षाच्या ८५ टक्क्यांत धरता येत नाही. त्याआधीच्या हिशेबांत तूट पुढे ओढलेली दिसेल, नंतर नाही.

मोगरा :
घसाऱ्याबद्दलही (मालमत्तेच्या झिजेपोटी दरवर्षी पुस्तकात पडणारा खर्च) लिहायला हवं. इमारत बांधली त्या वर्षी बांधकामाचा सगळा खर्च ८५ टक्क्यांत धरला, की त्याच इमारतीचा घसारा पुढे आयकरासाठी मिळत नाही. पुस्तकात मात्र घसारा पडतो, त्यामुळे शेड्यूल नऊमध्ये दरवर्षी दोन-तीन लाख तूट दिसते. देणगीदार विचारतात, संस्था तोट्यात का? तोट्यात नसते, खिशातून काही गेलेलं नसतं. पण म्हणून घसारा फक्त कागदी आहे असं समजणंही धोक्याचं. पंधरा वर्षांनी वायरिंग, पंप, सोलर हीटर, छप्पर एकदम मागे लागतात. दरवर्षी घसाऱ्याच्या निदान तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम दुरुस्ती निधी म्हणून बाजूला पडतेय का, हे दहा वर्षांच्या शीटमध्ये जरूर बघा. बहुतेक ठिकाणी शून्य असते.

सातबारा :
मग कायम निधी वाढवावा हे बरं ना? व्याजावर भागेल.

ताळेबंद_तात्या :
इथे माझं नि किर्दखतावणींचं जमणार नाही बहुधा. माझं मत : लहान संस्थेने कायम निधीच्या मागे लागू नये. २०१३-१४ च्या सुमारास मोठ्या बँकांत ९ टक्क्यांच्या आसपास व्याज होतं, २०२०-२१ मध्ये ते साडेपाचच्या खाली आलं. २० लाखांच्या निधीवर १ लाख ८० हजार येत होते, ते १ लाख ८ हजारांवर आले. त्याच काळात डाळ-तेल, गॅस आणि पगार चढत गेले. ३५ मुलांच्या संस्थेला व्याजावर भागवायचं असेल तर निधी कोटींत लागतो. तोवर देणगीदाराने दिलेला पैसा कुलपात आणि मुलांच्या ट्यूशनला पैसे नाहीत, हे मला पटत नाही.

शिवाय कॉर्पसला, म्हणजे कायम निधीला, अटी आहेत. देणगीदाराचं 'कायम निधीसाठी' असं लेखी पत्र हवं. नंतर संस्थेने स्वतः ठराव करून साध्या देणगीला कॉर्पस म्हणता येत नाही. २०२१ पासून ती रक्कम आयकराच्या कलम ११(५) मध्ये दिलेल्या गुंतवणुकीतच हवी. कॉर्पसमधून खर्च केला तर तो ८५ टक्क्यांत धरत नाहीत. पाच वर्षांच्या आत रक्कम परत भरली तर भरलेल्या वर्षी धरतात.

किर्दखतावणी :
तात्या, मतभेद आहेच, पण थोडा. कायम निधी नको, कबूल. पण सहा महिन्यांचा मोकळा राखीव हवा, आणि तो १५ टक्क्यांतूनच तयार होतो. ४५ लाख उत्पन्नावर १५ टक्के म्हणजे पावणेसात लाख. त्यातले तीन लाख जरी दरवर्षी बाजूला पडले तरी सात वर्षांत २१ लाख, म्हणजे साडेतीन लाखांचे सहा महिने. हा राखीव विश्वस्तांच्या ठरावाशिवाय मोडायचा नाही आणि मोडला तर किती महिन्यांत भरायचा तेही ठरावात लिहायचं.

नदीकाठ :
ठेवी कुठे ठेवता त्यावरही एक ओळ लिहाच. गावात ओळखीची पतसंस्था, बँकेपेक्षा एक-दीड टक्का जास्त व्याज, चेअरमन विश्वस्तांचे स्नेही. पतसंस्था ११(५) मध्ये बसत नाही. शेड्यूल्ड बँक चालते, सहकारी बँक चालते, पोस्ट चालतं. पतसंस्थेतल्या ठेवीमुळे सवलतच धोक्यात येते, आणि त्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षणही नसतं.

सहकारी बँकेतही सगळी अंडी एका टोपलीत नकोत. विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांचा, आणि तोही ४ फेब्रुवारी २०२० पासून. आधी १ लाखच होता. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले तेव्हा पहिल्या आदेशात खातेदाराला सहा महिन्यांसाठी १,००० रुपयेच काढता येत होते. ज्या संस्थेचं पगाराचं खातंच अशा बँकेत असेल तिने काय करायचं? म्हणून चालू खर्चाचं खातं एका बँकेत, राखीव दुसऱ्या बँकेत.

व्याजावरचा टीडीएसही बघा. सात-आठ वर्षांचा परतावा 'येणे' म्हणून ताळेबंदात पडून असतो, कारण विवरणपत्र उशिरा भरलेलं असतं किंवा पॅन चुकीचा नोंदलेला असतो. फॉर्म १३ भरून कपात न करण्याचा दाखला मिळवता येतो.

दूरदेशी :
परदेशातल्या मराठी मंडळांतून आणि व्यक्तिगतही अशा संस्थांना पैसे द्यायची पुष्कळांची इच्छा असते. संस्था म्हणतात एफसीआरए नाही, घेऊ शकत नाही. नेमकं काय घेता येतं?

ताळेबंद_तात्या :
देणारा कुठे राहतो यावर नाही, नागरिकत्व कुठलं यावर ठरतं. भारतीय पासपोर्टवर न्यू जर्सीत राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत मात्र फाइलला लावून ठेवा. तिथलं नागरिकत्व घेतलेला, ओसीआय कार्ड असलेला माणूस मात्र परदेशी स्रोत. तिथे नोंदलेलं मंडळसुद्धा परदेशी स्रोत. एफसीआरए नसताना असा एक व्यवहारही गुन्हा आहे, 'नंतर बघू' चालत नाही. वेबसाइटवर क्यूआर कोड टाकला असेल तर ही अट त्याच्याच खाली ठळक लिहा.

नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात मुख्य कामावर १५ लाख खर्च केलेले हवेत. मिळाल्यावर पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, तिथून पुढे वापराच्या खात्यात. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत (२०२० आधी ५० होता), दुसऱ्या संस्थेला त्यातून देता येत नाही, एफसी-४ (परदेशी देणग्यांचं वार्षिक विवरण) दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत, शून्य आला तरी. वर्षाला तीन-चार लाख येणार असतील तर हा व्याप परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत.

मोगरा :
सीएसआरचं आकर्षण मोठं, पण दहा वर्षांच्या शीटवर तो हमखास उंचवटा नि मग खड्डा करतो. तीन वर्षांचा प्रकल्प, दोन शिक्षक, एक समुपदेशक नेमले, डिजिटल वर्ग झाला. चौथ्या वर्षी कंपनीचं धोरण बदललं. माणसं मात्र संस्थेच्या हजेरीपटावर. कंपनी संगणक देते, पण वॉर्डन, स्वयंपाकी, वीजबिल, ऑडिट फी देत नाही.

यावर उपाय अर्जातच करावा लागतो. संस्थेचा सामायिक खर्च (वॉर्डन, हिशेबनीस, वीज, पाणी, भाडं) वाटण्याचं एक सूत्र ठरवा : मुलांच्या संख्येवर किंवा कामाच्या तासांवर. ३५ पैकी १४ मुलं प्रकल्पात असतील तर सामायिक खर्चाचा ४० टक्के वाटा प्रकल्पावर टाका, ठराव करा आणि सगळ्या देणगीदारांना तेच सूत्र लावा. '५ टक्क्यांच्या वर प्रशासन खर्च देता येत नाही' असं कंपनीचा माणूस म्हणाला तर नम्रपणे दाखवा : ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावर आहे, प्रकल्प राबवायच्या थेट खर्चावर नाही.

शैक्षणिक पालकत्वाचं गणितही असंच फसतं. 'एका मुलाचा वर्षाचा खर्च १२,०००' असं पत्रकावर आठ-दहा वर्षांपूर्वी छापलं आणि तेच चालू आहे. प्रत्यक्ष खर्च १ लाख २० हजार. म्हणजे पालक मिळालेल्या प्रत्येक मुलामागे १ लाख ८ हजार दुसरीकडून उभे करायचे. पूर्ण आकडा छापा आणि त्याचे दहा हिस्से करा. मुलाचं नाव-फोटो पत्रकावर छापू नका. बालन्याय कायद्याचं ७४ कलम वाचा.

नदीकाठ :
सरकारी पैशाबद्दल कोणी लिहिलं नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलं राहत असतील तर बालन्याय कायदा २०१५ च्या ४१ कलमाखाली नोंदणी लागतेच, अनुदान घ्या किंवा नका घेऊ. अनुदान घेतलं तर ते खर्चानंतर, हप्त्याहप्त्याने आणि उशिरा येतं. म्हणून शीटमध्ये 'मंजूर' आणि 'जमा' असे दोन रकाने ठेवा. मंजूर रक्कम उत्पन्नात धरली आणि दोन वर्षं आली नाही, तर उत्पन्न छान, खातं रिकामं आणि किराणा दुकानदाराचं देणं तीन लाख, असा ताळेबंद तयार होतो. देणेकऱ्यांच्या यादीत किराणा आणि दूधवाला वाढू लागले की ती सगळ्यात खरी घंटा.

सातबारा :
देणं फेडायला विश्वस्तांकडून उसने घेतले तर?

नदीकाठ :
महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ३६अ(३) प्रमाणे कर्जाला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्ताचे हातउसने त्यातून सुटत नाहीत. शिवाय विश्वस्त हा आयकराच्या १३(३) मधला हितसंबंधी. त्याला व्याज, भाडं, पगार काहीही दिलं तर ते वाजवी असल्याचं दाखवावं लागतं. दहा वर्षांच्या शीटमध्ये 'विश्वस्तांचे देणे' ही ओळ दरवर्षी फुगताना दिसली तर संस्था विश्वस्तांच्या खिशावर चालते आहे, देणग्यांवर नाही.

किर्दखतावणी :
पगारांबद्दल एक हिशेब देतो. ग्रॅच्युइटी १० किंवा जास्त माणसं झाली की लागू, आणि एकदा लागू झाली की माणसं कमी झाली तरी सुटत नाही. स्वयंपाकीणताईंचा शेवटचा मूळ पगार १२,०००, सेवा १२ वर्षं : १२,००० × १५ ÷ २६ × १२ = ८३,०७७ रुपये. अशा सहा जणी एकाच सुमारास थांबल्या तर पाच लाख. संस्था सुरू होताना लागलेली माणसं एकदमच साठीला येतात. नुसती तरतूद ८५ टक्क्यांत धरत नाहीत, पण मान्यताप्राप्त गट-ग्रॅच्युइटी निधीत प्रत्यक्ष हप्ता भरला की पैसाही वेगळा राहतो.

ताळेबंद_तात्या :
देणग्यांच्या बाजूचं राहिलं. दानपेटीतला आणि 'एक हितचिंतक' असा पावतीवर लिहिलेला पैसा निनावी ठरतो. निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातल्या मोठ्या आकड्याच्या वर गेल्या की वरच्या भागावर ३० टक्के कर, मग खर्च कितीही केलेला असो. नाव आणि पत्ता घ्याच.

१०बीडी हे देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. त्यात देणगीदाराचा पॅन चुकला की त्याला वजावट मिळत नाही आणि तो पुढच्या वर्षी देत नाही. पावती फाडतानाच पॅन घ्या, एप्रिलमध्ये फोन करत बसू नका.

मोगरा :
शेवटचं, आणि हे हिशेबात दिसत नाही : विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. तो राहिला तर परिशिष्ट-१ वर (तिथल्या नोंदीच्या उताऱ्यावर) वारलेल्या माणसांची नावं तशीच राहतात, बँक केवायसीसाठी नवा उतारा मागते आणि सह्यांवरून खातं अडतं. दहा वर्षांची शीट कराल तेव्हा खाली एक ओळ जोडा : त्या वर्षी सही करणारे कोण होते आणि धर्मादाय नोंदीवर कोण होते.

सातबारा :
शीटचा नमुना कोणी टाकाल का?

किर्दखतावणी :
रकाने लिहितो, एक्सेल तुम्हीच करा. वर्ष, मुलांची सरासरी संख्या, मोकळ्या देणग्या, बांधील देणग्या, अनुदान मंजूर, अनुदान जमा, व्याज, किराणा (वस्तुरूप धरून), पगार, शिक्षण, दुरुस्ती, घसारा, मुलामागे महिन्याचा खर्च, कायम निधी, फॉर्म १० ची राखीव रक्कम आणि तिचं संपायचं वर्ष, न खर्चलेला प्रकल्प निधी, किराण्याचं देणं, विश्वस्तांचं देणं, येणे टीडीएस, सर्वात मोठ्या देणगीदाराचा टक्का, ३१ मार्चचे मोकळे दिवस, ३१ ऑगस्टचे मोकळे दिवस, सही करणारे. 'सर्वात मोठ्या देणगीदाराचा टक्का' ४० च्या वर सलग तीन वर्षं असेल तर तो रकाना लाल करा आणि विश्वस्तांच्या सभेत आधी तोच घ्या.